इंजिन सीटच्या मागे

१३ जुलै, रविवार
आज नगर-मनमाड रोडवर अपमान झाला. राहात्याहून व्हॅन घेऊन येत होतो, मागे बायकोचे, विजयाचे, रिकामे डबे खडखडत होते. एक पिवळी स्पोर्ट्स कूपे मागून आली, हॉर्न मारला आणि आतल्या पोराने हाताने खूण केली. काका, कडेला घ्या. काका! तंत्रनिकेतनात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो मी. या असल्या छप्पन्न पोरांच्या शीट फाडल्यात.

पुढे चहाच्या टपरीवर तीच गाडी उभी होती. मुद्दाम थांबलो. उंची माझ्या कमरेइतकी. इंजिन बॉनेटखाली नाही, डिकीतही नाही. सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. मिड-इंजिन. वजन मधोमध, म्हणून वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. पोराला विचारलं, वेट डिस्ट्रिब्यूशन किती? म्हणाला, ब्लूटूथ आहे.

ठरलं. अशी गाडी मी बांधणार. दसऱ्याला पूजा, दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याचा घाट.

१४ जुलै
व्हॅनच कापायची. इंजिन चांगलं आहे, बाकी सगळा डबा. विजयाला सांगितलं. तिची फराळाची गिऱ्हाईकं श्रीरामपूर, राहाता, पुणतांबा अशी पसरलेली, व्हॅनशिवाय तिचं अडतं म्हणे. शेवटी एका अटीवर कबूल झाली: वसुबारसेला माल पोचवायला दारात गाडी पाहिजे. म्हटलं, दसऱ्यालाच देतो, वर पंधरा दिवस बोनस.

जाता जाता म्हणाली, नव्या गाडीत तेवढं सीट तापणार नाही असं बघा, उन्हाळ्यात बसवत नाही. बायकांना परफॉर्मन्स म्हटलं की सीट आठवते.

२० जुलै, रविवार
बन्सीला बोलावलं. उसाच्या ट्रॉल्या बनवतो, वेल्डिंगला हात चांगला. तो म्हणत होता, गाडी शेडवर आणा. साफ नकार दिला. शेडवर दहा लोक येतात, डिझाईन फुटायला वेळ लागत नाही. घरापुढेच बांधायची, माझ्या डोळ्यांदेखत.

गल्लीत शांतता आहे, हे एक बरं. दोन वर्षांपूर्वी इथून बुलेटवाली कार्टी फटाके फोडत जायची. मी नगरपालिकेच्या मागे हात धुऊन लागलो आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना गतिरोधक टाकून घेतले. आधी चपटे टाकले होते. पुन्हा जाऊन भांडलो, वर आणखी एक थर घातला तेव्हाच घरी आलो. या गावात काम करून घ्यावं लागतं.

३ ऑगस्ट
व्हॅनचं छप्पर उतरलं. विजया बघायला आली नाही. रिक्षाने डबे पोचवतेय आणि येऊन दार आपटतेय. मोठ्या कामात घरच्यांची साथ मिळत नाही हे ऐकून होतो.

१७ ऑगस्ट
बन्सीवर भडकलो. मी कागदावर पातळ पत्रा लिहिलाय, त्याने ट्रॉलीचा पत्रा लावला. म्हणे, 'सर, त्यो पातळ पत्रा चेपंल. ह्यो बगा, दोन टन ऊस टाका, हालनार न्हाई.' मी स्पोर्ट्स कूपेत ऊस टाकणार नाहीये! त्याला एरोडायनॅमिक्स समजावलं, हवा बॉनेटवरून कशी सरकते ते हाताने दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि मागच्या बाजूला ट्रेलर ओढायचा हूक वेल्ड केला. सवय.

वजन वाढलं. पण वजन खाली आहे. खाली असलेलं वजन मोजायचं नसतं.

३१ ऑगस्ट
इंजिन सरकवलं. सीटच्या मागे, मागच्या अॅक्सलच्या पुढे. सुरू केलं तेव्हा पाठीत जो आवाज घुमला तो शब्दांत लिहिता येणार नाही. सगळी भांडी वाजली. शेजारच्या रंगुबाई बाहेर येऊन विचारून गेल्या, बोअर घेताय का.

१४ सप्टेंबर
मेहुणा आला, भागवत. विजयाचा धाकटा भाऊ. पुणतांब्याला पेरू करतो आणि छोटा हत्ती हाकतो, म्हणून त्याला वाहनातलं सगळं कळतं. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं. म्हणाला, 'लई भारी हाय दाजी, पन खाली कोंबडी घुसायची न्हाई. रस्त्यावरनं चालंल का ही?'

चार बोटं क्लिअरन्स मुद्दाम ठेवलाय. गाडी जितकी खाली तितकी वळणावर घट्ट. हे मी त्याला सांगितलं नाही. टेम्पोवाल्याला सांगून काय उपयोग? ताईची गाडी वेळेत द्या बरं का, असं तोंड वर करून मलाच सांगून गेला. मत्सर, दुसरं काही नाही.

२८ सप्टेंबर
लाल रंग दिला. दोन्ही बाजूंना हवा घ्यायची तोंडं ठेवलीत. आरटीओचा एजंट फोटो बघून फोनवर बराच वेळ हसला. त्याचं नंतर बघतो. आधी गाडी पळू दे, मग हेच लोक सेल्फीला येतील.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी पूजा. बॉनेटला झेंडूचा हार, काचेवर स्वस्तिक, चारी चाकांखाली लिंबं. कॉलनी जमली. भागवतही आपट्याची पानं घेऊन आलेला. विजयाने ओवाळलं, नारळ फोडला. हसली नाही, पण ओवाळलं.

पहिला गिअर. लिंबं चिरडली. गाडी निघाली तशी माझ्या अंगावर काटा आला. दुसरा गिअर टाकेपर्यंत गतिरोधक आला. सावकाश घेतला. नाक आपटलं. मागे घेऊन तिरका घेतला. पुन्हा आपटलं. गाडी वळवली, गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला गेलो. तिथेही तेच.

बन्सीने फळ्या टाकल्या. त्यावरून नाक चढलं, मग पोट गतिरोधकावर बसलं आणि मागची दोन्ही चाकं हवेत गरगर फिरायला लागली. हार बाजूच्या तोंडातून इंजिनात गेला. शेवटी आठ माणसांनी उचलून गाडी पुन्हा गल्लीत ठेवली. त्यात भागवत पुढे होता. गाडी ठेवून त्याने आपट्याचं पान माझ्या हातात दिलं. संताप संताप झाला.

हे गतिरोधक आहेत की धरणाच्या भिंती? नियम नाही, माप नाही, मनाला येईल तसं डांबर ओतायचं!

३ ऑक्टोबर
नगरपालिकेत गेलो. टेबलावर हात आपटून सांगितलं, उद्याच्या उद्या गतिरोधक खरवडा. क्लार्कने मला ओळखलं. म्हणाला, 'सर, तुम्हीच म्हणला होता ना, गाडी आपटली पाहिजे असा बनवा. आमच्या पोरांनी तसा बनवला.' आजूबाजूचे हसले.

मी बुलेटबद्दल बोललो होतो. कूपेबद्दल नाही. एवढा साधा फरक शासकीय डोक्यात शिरत नाही.

भंडारदरा दिवाळीनंतर.

९ ऑक्टोबर
टेस्टिंग चालू आहे. या गतिरोधकापासून त्या गतिरोधकापर्यंत. पिकअप उत्तम. टॉप स्पीड काढता येत नाही, कारण तोवर ब्रेक मारावा लागतो. ब्रेकही उत्तम. वळणावरची पकड अजून कळली नाही, गल्ली सरळ आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
विजयाने विचारलं, माल कुठे ठेवायचा. पुढच्या डिकीत चकलीचा एक डबा बसला, झाकण काढून. बेसनाचे लाडू मी स्वतः सीटच्या मागे ठेवले, इंजिनच्या कव्हरवर. सपाट जागा आहे. गाडी गल्लीत सहा-सात वेळा खालीवर केली, धक्के बसतात का बघायला. एकही धक्का नाही.

डबा उघडला तर लाडू नव्हते. तूप वर, बेसन खाली.

वाटलं होतं आता ओरडेल. ओरडायला हवं होतं, मग मलाही ओरडता आलं असतं. ती पायरीवर बसली, डबा मांडीवर घेऊन. म्हणाली, पुणतांब्याच्या लंकाबाईंचा दोनदा फोन येऊन गेला, वेळेत देणार ना म्हणून. म्हणाली, एकेक घर जोडायला मला तीन वर्षं लागली हो. तुम्हाला एका गाडीने काका म्हटलं म्हणून.

मला फार राग आला. कुणाचा ते नीट ठरवता आलं नाही. बन्सीला फोन करून झापलं.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
भागवतने पहाटे छोटा हत्ती आणून दारात लावला, कूपेच्या मागे. किल्ली ताईच्या हातात दिली. स्वतः एसटीने गेला, पेरूला पाणी द्यायचं होतं. मला म्हणाला, 'दाजी, तुमी डबे धरा.'

विजया चालवायला बसली, मी शेजारी. मांडीवर लाडवांचा नवा डबा. गतिरोधक आला. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. एक हेलकावा, गाडी पलीकडे.

मोठ्या रस्त्याला लागलो. उसाच्या दोन ट्रॉल्यांना तिने ओव्हरटेक केलं. कॅनॉलच्या वळणावर मुद्दाम लक्ष ठेवलं, मागून चिवड्याचा एक डबाही सरकला नाही. वजन कुठे तोललंय कळेना. थोड्या वेळाने सीट तापायला लागली. चांगलीच. मी जरा उचलून बसलो.

विजया रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, 'इंजिन आहे खाली. पुढच्या चाकांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. व्हॅनमध्येही तिथेच होतं. अकरा वर्षं मी त्याच्यावरच बसत होते.'

टेक्निकली हा वेगळा विषय आहे. तिला समजावून सांगणार होतो, पण सीट फार तापली होती. लाडू वितळू नयेत म्हणून डबा छातीशी धरून बसलो, पुणतांब्यापर्यंत.

लंकाबाई दारातच उभ्या होत्या. गाडी वेळेत बघून चेहरा खुलला. मी डबे उतरवत होतो. माझ्याकडे बघत त्यांनी विजयाला विचारलं, 'नवा मानूस ठिवला का गं?'

विजया म्हणाली, हो, दिवाळीपुरता.