ठमाबाईंची बाटली

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, घरात सगळं ठीक आहे. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे 'हं, बरं, ठेवू का' यापुढे तुमची गाडी सरकत नाही, आणि मला तर पोटभर बोलायचंय. सासऱ्यांना पत्र लिहितेय म्हटल्यावर तुमचा मुलगा म्हणाला, लिही, पण अक्षर मोठं काढ, बाबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत बसतात. चष्मे बनवणाऱ्याचे वडील आणि ही तऱ्हा! तेव्हा अक्षर मोठं काढलंय. भावोजी त्यांचं इथलं काम उरकून उद्या सकाळी तुमच्या लेकीकडे, ताईंकडे परत निघताहेत, त्यांच्या हाती हे देतेय. खुर्चीत नीट बसा, चष्मा खाली घ्या आणि सावकाश वाचा.

बातमी आधी सांगते, नाहीतर माझं पोट फुगेल. आपल्या ठमाबाई बाटलीतून दूध प्यायल्या! दूध माझंच, पण बाटलीतून, आणि तेही बापाच्या मांडीवर. मी खोलीत असले की तिला माझा वास येतो आणि मग बाटलीकडे ती ढुंकूनही बघत नाही, म्हणून त्यानं मला चक्क घराबाहेर काढलं होतं. मी जिन्यात पायरीवर बसून दाराला कान लावलेला. तेवढ्यात वरच्या शिवणकामवाल्या काकू पिशवी घेऊन उतरल्या, मला तशी बघून हळूच म्हणाल्या, भांडलात का गं? मी नुसतं तोंडावर बोट ठेवलं, तर त्याही माझ्या शेजारी टेकल्या. आतून रडणं नाही, ओरडणं नाही. मग दार उघडलं आणि तुमचा मुलगा एका हातावर पोरगी आणि दुसऱ्या हातात रिकामी बाटली उलटी धरून उभा. पोरीच्या हनुवटीवर दुधाचा ओघळ आणि चेहऱ्यावर असा रुबाब की बाटलीचा शोध जणू तिनंच लावलाय. मी रडले, बाबा. काकूही रडल्या, कशासाठी ते त्यांना मागाहून कळलं.

माझे दिवस भरत आले होते तेव्हा घरात काय वाद पेटला होता, आठवतंय ना? बाळंतपणानंतर क्रेनवर चढणं सोड, खाली ऑफिसात काहीतरी बघ, असं माझ्या आईपासून काकूंपर्यंत सगळ्यांचं म्हणणं. सकाळी एकदा केबिनमध्ये चढलं की जेवणाच्या सुट्टीशिवाय खाली उतरता येत नाही. पोर भुकेलं झालं म्हणून लोखंड अधांतरी लटकत ठेवून कोण येणार? मुद्दा खरा होता. तुम्ही कोपऱ्यात बसून तुमच्या जुन्या पान्याला तेल लावत होतात. मान वर न करता म्हणालात, तिनं वर चढायचं, खालचं मी बघतो. संपला वाद! जन्मभर लोकांच्या मोऱ्यांत आडवं होऊन नळ बसवणारा माणूस, ज्यानं स्वतःच्या पोरांना कधी घोटभर पाणी पाजलं नाही (हे ताईंचं वाक्य, माझं नाही), तो असा शब्द देऊन मोकळा झाला. माझ्या सख्ख्या आईला जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं, आणि ते मी विसरणार नाही.

मग ठमाबाई आल्या आणि बाटल्यांचं रामायण सुरू झालं. पहिली साधी, उभट, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली. खोक्यावर लिहिलेलं, नवजात बाळासाठी, सर्वांत हळू. तुम्ही तिच्यात पाणी भरून ती उलटी धरलीत. एक थेंब पडला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. कुणीतरी तुमच्या कारागिरीची बदनामी केल्यासारखा तुमचा चेहरा झाला. 'हा नळ आहे की चेष्टा? पोरगी ओढून ओढून दमून जाईल!' आम्ही हसलो आणि सोडून दिलं. संध्याकाळी तिच्यातून दूध पाजलं तर ठमाबाईंनी एक घोट घेतला, ठसकल्या, लालबुंद झाल्या, दूध नाकातून बाहेर, आणि मग जी आरोळी ठोकली ती थेट काकूंच्या शिलाई मशीनपर्यंत. म्हटलं, बाटलीचा आकार आवडला नसेल. रुंद तोंडाची आणली, हुबेहूब आईसारखी असं दुकानदार म्हणाला होता. तिचीही तीच गत. मग वाकड्या मानेची आली, मग काकूंच्या भाचीनं दिलेली काचेची, मग ती आतून हवेची नळी असलेली. ती बघून तर तुम्ही खूश, हवेला वेगळी वाट काढलीय, शाबास, म्हणून दिवसभर ती खोलून पुन्हा जोडत बसलात. ठमाबाईंनी तिलाही थुंकून लावलं. खिडकीत बाटल्यांची अशी रांग लागली की पोस्टमन म्हणाला, दुकान काढलंत का?

काय काय नाही केलं आपण! दूध कोमट करून पाहिलं, आणखी कोमट करून पाहिलं. तुमच्या मुलानं माझा गाऊन अंगात चढवून तिला फसवायचा प्रयत्न केला. तिनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की त्यानं तो निमूटपणे उतरवला. काकूंचं एकच टुमणं, आमच्या वेळी वाटी-चमचा होता, कसली आलीय बाटली. आणि तुम्ही? नवी बाटली घरात आली की तुम्ही ती माझ्या हातातून घ्यायचात, तू बस गं, मी उकळून आणतो, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचात. मला वाटायचं, काय माझं नशीब, सासरा बाटल्या उकळतोय! रोज दुपारी तिला मांडीवर घेऊन तुम्ही विनवण्या करायचात, घे ना गं राणी, एवढं सोपं करून दिलंय तुला. ती किंचाळायची आणि तुमचा सदरा ओला व्हायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा हजर.

तेवढ्यात सुपरवायझरचा निरोप आला. बाजारामागच्या नव्या इमारतीचं काम पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सुरू होतंय, क्रेन तुझ्यासाठी राखून ठेवलीय, पण नाही आलीस तर दुसरा माणूस बसवणार, आणि एकदा बसवला की इमारत उभी राहीपर्यंत तोच. मी तर मनातून हाय खाल्ली होती. तुम्हाला सांगितलं नाही, पण नाही म्हणून कळवायला मी फोन उचललाही होता. शेवटचा उपाय म्हणून आपण तिघं ठमीला घेऊन दवाखान्यात गेलो. त्या सिस्टर किती छान बोलल्या! बाळ अंगावर पितं तेव्हा त्याला मेहनत करावी लागते, ओढायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. बाटलीतून भसाभसा यायला लागलं की ते घाबरतं आणि मग बाटलीलाच घाबरतं. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी धरा, मध्ये मध्ये थांबू द्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे धार नको, थेंब हवा. मी म्हटलं, अहो, आमच्याकडच्या सगळ्या बाटल्या सर्वांत हळू थेंबाच्याच आहेत, खोक्यावर लिहिलंय. सिस्टर बुचकळ्यात पडल्या. तुम्ही मात्र एकदम उठलात, जरा हवा खाऊन येतो म्हणालात, आणि आम्ही बाहेर आलो तर तुम्ही चालत चालत घर गाठलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची पिशवी भरलेली. ताईंच्या गच्चीवरची टाकी गळतेय, गेलंच पाहिजे, तातडीचं काम आहे. ठमीच्या पायाला हात लावलात, नेहमीसारखा कपाळाला नाही, आणि निघालात. मी चार दिवसांनी ताईंना फोन केला, टाकी झाली का दुरुस्त? ताई म्हणाल्या, टाकी? कसली टाकी? बाबा, खोटं बोलायला अंगात कला लागते, आणि ती तुमच्या खानदानात कुणाकडेच नाही.

मग ही शेवटची बाटली आली. माझ्या क्रेनखाली उभं राहून मला खुणा करणारा तो शिट्टीवाला आणि त्याची टोळी, त्यांनी वर्गणी काढून पाठवलेली. तुम्ही नव्हतात, म्हणून ती मीच धुतली, मीच उकळली. आणि त्याच बाटलीतून ठमाबाई घटाघटा नाही, थेंबाथेंबानं, अगदी शहाण्यासारखं प्यायल्या. आम्ही त्या बाटलीची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती. तोच तुमचा मुलगा म्हणाला, थांब, ही तर आपल्या पहिल्या बाटलीसारखीच आहे. बघतो तर खरंच! तीच कंपनी, तोच आकार, खोक्यावर तेच शब्द. दोन्हीत पाणी भरून उलट्या केल्या. नवीतून थेंब पडला, जुनीतून धार लागली. त्यानं त्याच्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं, जुन्या बाटलीचं निपल उजेडात धरलं आणि म्हणाला, हे भोक कुणीतरी तापल्या सुईनं मोठं केलंय, कडा वितळल्यात. मग रुंद तोंडाचीचं पाहिलं, वाकड्या मानेचीचं पाहिलं, काचेचीचं पाहिलं. सगळ्यांची भोकं एकजात सारखी, एका मापाची, सुबक! आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, बाबा!

आणि आम्ही हसलो. अहो, इतके हसलो की मला बाळंतपणातले टाके आठवले, इतके हसलो की ठमी जागी झाली आणि काहीच न कळता तीही बोळकं पसरून आमच्याकडे बघायला लागली. नळवाल्याच्या घरात पोर जन्माला आल्यावर दुसरं काय होणार! जन्मभर तुमच्याकडे लोक एकच तक्रार घेऊन आले, पाणी बारीक येतंय. नातीचं दूध बारीक येताना तुम्हाला बघवलं नाही, एवढंच ना? सिस्टरांचं बोलणं ऐकून तुम्हाला लगेच उमगलं आणि तुम्ही पिशवी उचललीत. आम्हाला उमगायला भिंग लागलं. पण बाबा, रागावलंय कोण? तुमच्या मुलानं ती निपलं टाकून दिली आणि नवी आणून बसवली, संपलं. आता रुंद तोंडाची, काचेची, वाकड्या मानेची, सगळ्या बाटल्या ठमाबाईंना चालतात. चांगल्याच होत्या त्या, उगीच बदनाम झाल्या बिचाऱ्या.

ठमी प्यायली हे मी ताईंना कळवलं तेव्हा वाटलं होतं, तुम्ही पुढची बस पकडून याल. उलट ताईंनी सांगितलं, बातमी ऐकून तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, मी तिथं नाही तेच बरं, माझ्या हाताचं ते काम नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही धड जेवत नाही, आणि घरातले चांगले चालणारे नळ उगाचच खोलून पुन्हा बसवताय. ताई कंटाळल्यात हो, त्यांना आंघोळीला पाणी मिळू द्या! आणि हे 'हाताचं काम नाही' काय प्रकरण आहे? सगळ्यांनी हात टेकले, मीसुद्धा टेकले होते, तेव्हा ओला सदरा घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा कोण बसत होतं? पोरीला बाटलीचा राग होता, तुमचा नव्हता. तुम्ही गेल्यापासून दुपार झाली की ती तुमच्या खुर्चीकडे मान वळवून आवाज काढते. खोटं वाटत असेल तर भावोजींना विचारा, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आता मुद्द्याचं सांगते. सुपरवायझरला मी हो म्हणून कळवलंय. येत्या सोमवारी मी वर चढतेय. तुमच्या मुलाला सुट्टी मिळणार नाही, आणि काकू पाळणाघराचा पत्ता देत होत्या तो मी घेतला नाही. दुसरं कुणीही मी शोधलेलं नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. रविवारच्या बसनं या. बाळाला कसं धरायचं आणि बाटली आडवी कशी ठेवायची ते मी रविवारीच दाखवीन, आणि पहिली बाटली तुमच्या हातून जाईल तेव्हा मी जिन्यात जाऊन बसेन. आज नवी क्रेन बघायला मी केबिनपर्यंत चढून आले. तिथून आपली गच्ची दिसते, बाबा, कपड्यांच्या दोरीसकट. सोमवारी ठमी प्यायली की दोरीवर तुमचा लाल टॉवेल टाका. तो दिसेपर्यंत माझा जीव खालीच असेल, आणि तो दिसला की मी निवांत काम करीन.

वाट बघते,
तुमचीच,
वर चढणारी सून