गुरुत्वखड्ड्याचा नियम आणि सव्विसाव्या कथेचा शेवट

मी, कमळ येसाजी राऊत, वय एकाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. मला धाक घालू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती आत्ता माझ्या स्वयंपाकघरात चहा करते आहे.

१. राहतं घर आणि मागची सुपारीची वाडी माझी भाची कल्पिता हिला मिळावी. शेजारी बुधाजी यांनी कुंपण दीड हात आत सरकवलं आहे. तो दीड हातही तिचाच. बुधाजींना याची कल्पना आहे, म्हणून तर ते हल्ली मला शहाळी पाठवतात. शहाळी पिऊन झाली, दावा कायम आहे.

२. बँकेतली ठेव कल्पितालाच. दुर्बीण शाळेला, कपाटात कुलूप लावून ठेवणार नाहीत या अटीवर.

३. आता मुख्य बाब. 'गलबत' नावाच्या अंतराळयानाच्या सव्वीस विज्ञानकथा मी आणि माझी मैत्रीण सुचिता नाईक, दोघींनी मिळून दिवाळी अंकांसाठी लिहिल्या. हे यान प्रकाशापेक्षा वेगानं उडी मारायचं. पण माझा एक नियम होता. ताणलेल्या चादरीवर नारळ ठेवला की खळगा पडतो, तसा प्रत्येक ग्रहाताऱ्याभोवती गुरुत्वखड्डा असतो. त्या खड्ड्यातून उडी मारता येत नाही. आधी साध्या इंजिनावर काठापर्यंत चढायचं, मग उडी. माझे वडील रेवदंड्याच्या खाडीतून मचवा काढायचे, तेही खाडीचं तोंड ओलांडल्याशिवाय शीड उभारत नसत. प्रकाशाहून वेगानं जाणंच मुळात अशक्य, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून काय थापेला शिस्त नको?

सव्विसाव्या कथेत यान एका मेलेल्या ताऱ्याच्या खोल खड्ड्यात सापडलं. यानात कप्तानाची आजारी मुलगी. काठ अकरा दिवसांवर. मी लिहिलं, मुलगी दहाव्या दिवशी गेली. सुचिताने मला न विचारता छापखान्यात जाऊन शेवट बदलला. यानाने तळातूनच उडी मारली, मुलगी वाचली! वाचकांची ढीगभर पत्रं आली, सगळे खूश. नियम मोडल्याची तक्रार पालीच्या एका गृहस्थांनी तेवढी केली. ते पत्र मी फ्रेम करून भिंतीवर लावलं.

"नियमापायी पोर मारतेस?" सुचिता म्हणाली.

"तू वाचकांना फसवतेस," मी म्हणाले.

त्यानंतर सतरा वर्षं आम्ही एकाच आळीत राहून बोललो नाही.

४. गेल्या मार्गशीर्षात छातीत कळ येऊन मी वाडीत पडले. पाहिलं ते सुचितानेच. ॲम्ब्युलन्समध्ये ती माझा हात धरून बसली. अलिबागेत चालक स्वप्निल याने गाडी थांबवली. "मावशी, पुढं एकेरी रस्ता हाय. वळसा घालावा लागंल. नियम हाय."

"खड्ड्यात गेला तुझा नियम! घाल गाडी!" सुचिता ओरडली.

त्याने घातली. तेवढ्या कळांतही मला हसू फुटलं. डॉक्टर नंतर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर तुम्ही हाती लागला नसता.

सबब, कथांचं पुस्तक निघेल तेव्हा सव्विसाव्या कथेला सुचिताचाच शेवट छापावा. खाली बारीक अक्षरात माझी तळटीप असावी: 'असे होऊ शकत नाही. झाले ते बरे झाले.'

५. कथांवरचा माझा अर्धा हक्क सुचिताला देणार होते. वकील नूतनताई म्हणाल्या, जिला काही मिळणार तिने साक्षीदार होऊ नये. त्यावर सुचिता म्हणाली, "मग मला काही देऊ नकोस. सतरा वर्षांत आपली नावं एका कागदावर आली नाहीत. मी सहीच करणार." म्हणून तो हक्कही कल्पिताला.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे बदलेन असं वाटत नाही, पण सांगता येत नाही.

ठिकाण: चौल
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५
सही: कमळ येसाजी राऊत

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. साक्षीदार:

१. डॉ. मृणाल ठाकूर, रेवदंडा. (बाई शुद्धीवर आहेत. हट्टीही आहेत.)

२. सुचिता नाईक, चौल. (तळटीपेतलं पहिलं वाक्य मान्य नाही.)