चित्रकलेच्या बाईंकडची व्हिजिट

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि काल एका जुन्या इंग्रजी सिनेमाने तुम्हाला पुढ्यात आणून बसवलं. इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनला पावसाने ताळतंत्र सोडलंय, म्हणून आई, मी आणि तुमची नात दुपारभर टीव्हीसमोर होतो. सिनेमा कृष्णधवल, जिकडेतिकडे सावल्या. घरी बायको असलेला एक डॉक्टर पेशंट बाईच्या प्रेमात पडतो आणि इमर्जन्सीच्या थापा मारून तिच्याकडे जातो. नात म्हणाली, "मम, व्हाय डझन्ट ही जस्ट गेट अ डिव्होर्स?" मी तिला गप्प केलं, कारण डॉक्टर तेव्हा त्या बाईची नाडी बघत होता आणि त्याचं घड्याळाकडे लक्षच नव्हतं.

तुमचंही नसायचं. चित्रकलेच्या बाईंकडे व्हिजिटला जाताना तुम्ही मला न्यायचात. त्यांचे यजमान बोटीवर असत, आणि एकट्या बाईकडे डॉक्टरने एकट्याने जायचं नाही ही आपल्या गावची रीत. मी आठ वर्षांची. जमिनीवर बसून रंगीत खडूंनी चित्र काढतेय, बाई काहीतरी सांगताहेत आणि त्यांचं मनगट धरून तुम्ही खो खो हसताय. घरी तुम्ही असे हसलेले मला आठवत नाही. मग एके दिवशी मी चपला घातल्या तर खेकसलात, "आज घरी थांब!" दहा मिनिटांत परत आलात आणि पुन्हा तिकडे कधी गेला नाहीत. काय झालं हो त्या दहा मिनिटांत? रागाने नाही विचारत, खरंच जाणून घ्यायचंय. मला लोकांसाठी नेत होतात, की स्वतःला आवरायला?

शेवटी सिनेमातल्या डॉक्टरचं वाटोळं झालं. आई चहाचे कप उचलत म्हणाली, "त्याच्या बायकोला सगळं ठाऊक असणार गं. बोलली नाही एवढंच." 'म्हणजे तुलाही?' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी उठून टीव्ही बंद केला.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण आई माझ्याकडेच राहते आणि हाती लागेल ते वाचते. पण एक सांगायचं राहिलंय. प्रत्येक व्हिजिटनंतर ती मला विचारायची, "बाबा काय करत होते गं तिथे?" मी म्हणायचे, "इंजेक्शन देत होते." तुम्ही एकदाही दिलं नव्हतंत. असं सांगायला मला कुणी शिकवलंही नव्हतं. मला फक्त तुम्हाला हसताना बघायचं होतं.