सरांचा न दुखणारा गुडघा

सर, काल आमच्याकडे पुन्हा तुमच्या गुडघ्याचा विषय निघाला. सोसायटीत दोन दिवस पाणी नव्हतं, टँकर आला, सूनबाई बादल्या घेऊन खाली गेली. तिच्यामागे मीही ताटावरून उठलो, तशी आमची ही म्हणाली, "बसा गप. त्या मास्तराचं पाणी भरलंत तेवढं पुरे झालं." नात नुकतीच कॉलेजातून आली होती. तिने विचारलं, "कोण मास्तर?" मग हिने तिला सगळं सांगितलं, नेहमीसारखं, हातवारे करून. कात्रपला एक इंग्रजीचा मास्तर राहायचा, त्याचा गुडघा धरलेला, आणि तुझे आजोबा भोळे, दोन मजले चढून त्याचं पाणी भरत होते, तेही फुकट. नात माझ्याकडे बघून हसली. मी आमटीत चपाती बुडवत राहिलो. तुमचा गुडघा कधीच दुखत नव्हता, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक आहे.

तेव्हा कंपनीतून व्हीआरएस घेऊन मला थोडेच महिने झाले होते. माणूस दिवसभर घरात दिसायला लागला की घरच्यांना त्याची अडचण होते. ही मला सारखी म्हणायची, जरा फिरून या. मुलगी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात बी.ए.ला होती, इंग्रजी घेऊन. एका दुपारी ती खाटेवर पालथी पडून एक जाडजूड जुनी कादंबरी वाचत होती. वाचता वाचता खुदकन हसली आणि पान उलटल्यावर तिने डोळे पुसले. मी घाबरलोच. मी कशानेही घाबरतो, तुम्हाला माहीत आहे. विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही पप्पा, या बाईचं ना... जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं." उद्धटपणे नाही बोलली. मायेने बोलली, म्हणून जास्त लागलं. माझं शिक्षण नववी नापास. माझं इंग्रजी म्हणजे अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगच्या खोक्यांवर असायचं तेवढं, धिस साइड अप आणि हँडल विथ केअर. पोरगी आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर बसून कुठेतरी लांब जाते, रडते, हसते, आणि बापाला तिथे जायचा रस्ता माहीत नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. पुढे पोरगी आणखी लांब गेली तर, नोकरीला लागली तर, लग्न झालं तर, असं करत करत माझी झोप उडाली.

पुस्तकाचं नाव मी हळूच एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं आणि उल्हासनगरला कॅम्पात जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी. त्याने पुस्तकावरची धूळ झटकली. "अंकल, किसके लिए? पोते के लिए?" मी म्हटलं, "हां, पोते के लिए." तेव्हा मुलाचं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं. माझी खोटं बोलायची सुरुवात तिथे झाली सर, तुमच्याकडे येण्याच्या आधीच.

तुम्ही मला विहारात भेटायचात, म्हणजे जय भीम घालण्यापुरते. बदलापूर गावातल्या शाळेत तुम्ही सगळी हयात इंग्रजी शिकवलं हे सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा पुस्तक शर्टाच्या आत होतं. तुम्ही म्हणालात, "पोटाला काय बांधलंय?" मी पुस्तक काढलं. तुम्ही ते उलटंपालटं करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसला नाहीत. "अवघड आहे," म्हणालात, "पण लिहिणाऱ्याने तरी कुठे तुम्हाला अडवायला लिहिलंय? बसा."

पहिल्या दिवशी मी पहिल्या पानावरच्या न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून आणली होती. पान भरून गेलं होतं. तुम्ही खोडरबर घेऊन सगळ्या रेघा पुसल्यात. म्हणालात, "अहो व्हीआरएस, असं वाचलं तर म्हातारे व्हाल. ज्या शब्दावाचून माणसाचा चेहरा दिसत नाही तेवढाच विचारायचा. बाकीचे जाऊ द्या, पुढे आपोआप ओळख देतील." आणि ते खरं होतं. घोडागाड्यांची पाच नावं आली, मी जाऊ दिली, पुढे कुठली श्रीमंताची आणि कुठली भाड्याची ते आपसूक कळलं. एकदा ती बाई पाहुण्यांना घेऊन पार्लरमध्ये बसली. मी विचारलं, "केस कापायला?" तुम्ही इतके हसलात की खोकला आला. "बैठकीची खोली हो! आपल्या कात्रपच्या गल्लीतलं नव्हे." मग तुम्ही सांगितलंत की जुन्या पुस्तकात ओळखीचा शब्द दिसला की जास्त सावध राहायचं, शंभर-दीडशे वर्षांत तो भलतीकडेच गेलेला असतो. मी अजून तसाच सावध असतो, पण शब्दांच्या बाबतीत नाही, बाकी सगळ्याच्या.

घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. पंचावन्न उलटलेला माणूस इंग्रजी शिकायला जातो हे हिला सांगितलं असतं तर तिने कौतुकाने सगळ्या चाळीत सांगितलं असतं, आणि मुलीला कळलं असतं. मला मुलीला दाखवायचं होतं ते एकदम, पुस्तक पुरं झाल्यावर. आणि पुरं झालं नाही तर कुणालाच कळायला नको होतं. खरं कारण हे दुसरं. म्हणून मी सांगितलं, सरांचा गुडघा दुखतो, मी त्यांचं पाणी भरून देतो. बेलवलीहून कात्रपला, रेल्वे ओलांडून, रोज. हिला पटलं. उलट खूश झाली, रिकामा माणूस पुण्यकर्माला लागला म्हणून.

तुम्हाला हे मी सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते कळलं बाजारात. दुसऱ्या दिवशी मी दारात पाऊल टाकतो तोच तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभे. "काय हो, माझा गुडघा कधीपासून दुखतोय?" मी पाऊल मागे घेतलं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या मिसेस भाजीवालीपाशी भेटल्या. म्हणाल्या, सर, गुडघा कसा आहे? मी म्हटलं आहे आपलं. आणि काय करणार, तिथून रिक्षास्टँडपर्यंत लंगडत आलो. डावा की उजवा ते तरी सांगून ठेवायचं!" तुम्ही हात झटकलात. "असू दे. शिकणाऱ्याला लाज वाटतेच. डावा धरू या."

आणि तुम्ही तो धरलात. विहारात आमची ही समोर दिसली की तुमचा डावा पाय जड व्हायचा. मला हसू यायचं आणि ही बघते की काय म्हणून मी पाठ फिरवायचो.

त्या कादंबरीत एक जागा आहे. गरिबीत आलेली एक बाई मेजवानीला येते आणि यजमानीण सगळ्यांसमोर म्हणते, हा गाऊन तर मी माझ्या मोलकरणीला दिला होता. पुढे एकच शब्द होता, मॉर्टिफाइड. तुम्ही पुस्तक मिटलंत. "हा सोडायचा नाही. याच्याशिवाय तिचा चेहरा दिसत नाही. बोला, मराठीत काय म्हणाल?" मी म्हटलं, खजील. "नाही. खजील झालेला माणूस घरी जाऊन जेवतो." मी म्हटलं, ओशाळली. "ओशाळलेला थोडं हसतो तरी. ही हसेल?" वरमली, शरमली, मान खाली घातली, मी एकेक शब्द देत गेलो आणि तुम्ही प्रत्येकाला परत पाठवत गेलात. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला." तुम्ही टेबलावर थाप मारलीत. "हां! त्या शब्दाच्या पोटात मरणच आहे, व्हीआरएस. बघा, होता तुमच्याकडे." त्या दिवशी मी घरी गेलो तो जवळजवळ उड्या मारत. मला वाटलं, ही जागाच असणार, इथेच पोरीने डोळे पुसले असणार.

मग माझी कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. ते वाकून बारीक टाइप वाचल्याने झालं होतं सर, तुमच्या त्या बुटक्या स्टुलावर बसून. पण घरी ते कसं सांगणार? हिने चप्पल घातली आणि थेट कात्रपला निघाली. मी मागून कंबर धरत गेलो. जिन्याच्या वळणावर पोचलो तेव्हा तिचा आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू जात होता.

"मास्तर, तुम्हाला लाज नाही वाटत? शिकलेली माणसं तुम्ही! रिकामा माणूस दिसला म्हणून त्याचा गडी केलात होय?"

दारं उघडली. शेजारची बाई म्हणाली, "अहो पण सर तर स्वतःच पाणी..." तुम्ही तिला मध्येच तोडलंत. "ताई, तुम्ही आत जा." मग हिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या मागे टेबलावर पुस्तक उघडं होतं, त्यावर तुमचा चष्मा. तुम्ही नुसते विचारत होतात, सांगू का? एवढंच. मी कठड्याकडे बघायला लागलो. त्याला ताजा हिरवा रंग दिलेला होता, तो मला आजही दिसतो.

तुम्ही डावा हात डाव्या गुडघ्यावर ठेवलात. त्याही वेळी. जरा वाकलात आणि म्हणालात, "चुकलं, वहिनी. माझ्या लक्षात आलं नाही. उद्यापासून त्यांना पाठवू नका."

घरी हिने माझ्या कंबरेला बाम चोळला. तिचा हात फिरतो आहे आणि मी भिंतीकडे तोंड करून त्या दिवशीचे ते शब्द एकेक करून स्वतःला लावून बघतो आहे. एकही बसत नव्हता. त्या मेजवानीतल्या बाईवर दुसऱ्याने अन्याय केला होता, म्हणून तिला मेल्यासारखं झालं. माझ्यासाठीचा शब्द पुढे कुठेतरी असणार आणि तिथवर आपण पोचलोच नाही.

त्यानंतर मी आलो नाही. ती कादंबरी मी पुढे एकट्याने वाचली, बागेत बसून, पेपरात घालून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला बातमी वाचतोय असं वाटावं. पुरी केली. मुलीला सांगितलं नाही, कारण ती पहिलं विचारणार, कुणी शिकवलं? तिचं लग्न झालं, ती लांब गेली, माझी भीती खरी झाली आणि मी तिच्याशी फोनवर हवापाण्याचंच बोलतो. तो शब्द मला त्या पुस्तकात सापडला नाही.

तुम्ही गेल्याचं आम्हाला विहारातूनच कळलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमचे विद्यार्थी बोलले, कुणी साहेब झालेला, कुणी बँकेतला. मग निवेदन करणारा म्हणाला, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? हिने मला कोपराने ढोसलं. "उठा ना, तुमची एवढी ओळख. पण पाण्याचं काढू नका हं, गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये." मी उठलो. माइक हातात आला. समोर तुमचा फोटो, मेणबत्ती, आणि पहिल्या रांगेत तुमची ती शेजारीण. मी म्हणालो, "सरांना माझा शेवटचा जय भीम," आणि बसलो. ही हळूच म्हणाली, "बरं केलंत. मन मोठं केलंत."

आज नातीने मला एकटं गाठून विचारलं, "आजोबा, खरंच फुकट पाणी भरायचात?" चांगली पोर आहे. तिला सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं, आजीलाही नीट समजावलं असतं. माझ्या तोंडातून निघालं, "रोज नाही, अधूनमधून." म्हणून हे लिहायला बसलो. दोनदा उठून दार बघून आलो. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि विहारात वाचून दाखवण्याइतकं मन माझं मोठं नाही.

आत्ता ही स्वयंपाकघरातून विचारते आहे, "एवढं काय लिहिताय मघापासून?" मी म्हणालो, "सोसायटीला अर्ज. पाण्याचा." ती म्हणाली, "चांगला कडक लिहा. आणि माझ्या गुडघ्याचंही घाला, खरंच दुखतो म्हणावं." मी हो म्हणालो सर. हा कागद आता पेपराखाली सरकवतो आणि दुसरा घेऊन अर्ज लिहायला लागतो, ती बघायला यायच्या आत.