फादर पळाली

सिस्टर, काल संध्याकाळी आमच्या वाचनमंडळात तुम्ही शिकवलेलं ते नाटक चर्चेला निघालं, आणि आज सकाळी माझा धाकटा भाऊ पुणतांब्याहून माझ्याकडे यायला निघाला आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते तुमच्याशिवाय कोणाला सांगावं कळेना, म्हणून लिहायला बसले. माझ्या भाचीनं, म्हणजे याच भावाच्या मुलीनं, मागच्या आठवड्यात रजिस्टर लग्न केलं. ती नोकरीसाठी नगरला माझ्याकडेच राहते. मुलगा तिच्याच कंपनीतला, शांत, कामसू, पण जातीतला नाही. साक्षीदार म्हणून मी सही केली. आधी लग्न उरकून घ्या, मग तुझ्या बापाला मी समजावते, एकदा झालं म्हटल्यावर निवळेल तो, हा सल्लाही माझाच. मी समजवायच्या आत त्याला दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं. परवा त्याचा फोन आला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि तो गावच्या शाळेत, म्हणून लहानपणी तो मला ‘मडम’ म्हणून चिडवायचा, अजूनही फोनवर आधी तेच म्हणतो. परवा म्हणाला नाही. “आक्का, तुला समदं म्हाईत हुतं, व्हय ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. “मग रविवारी येतो,” म्हणाला आणि फोन ठेवला. मी लगेच पुण्याला माझ्या मुलाला फोन लावला, रविवारी पहाटेच्या गाडीनं येते म्हणून सांगितलं आणि बॅग भरली. बापलेकीच्या बोलण्यात आपण कशाला, असं स्वतःशी म्हणत साड्यांच्या घड्या घातल्या.

आमचं मंडळ म्हणजे कॉलनीतल्या ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत शनिवारी जमणारी थोडी निवृत्त माणसं. बाकीच्यांनी नाटक मराठीतून वाचलं होतं, मी शाळेतली माझी जुनी प्रत नेली होती. दोन घरांचं वैर, एका घरची मुलगी आणि दुसऱ्या घरचा मुलगा, त्यांचं गुपचूप लग्न लावून देणारा धर्मगुरू, मेल्यासारखी झोप आणणारं त्याचं औषध, वेळेत न पोचलेली त्याची चिठ्ठी, आणि शेवटी तळघरातल्या थडग्यांमध्ये दोघांचं मरण. सगळ्यांना गोष्ट आधीपासून माहीत होती, तरी प्रत्येकानं वेगळंच काहीतरी वाचलं होतं. जिल्हा कोर्टात आयुष्य घालवलेल्या वकीलबाई म्हणाल्या, “याला प्रेम म्हणायचं? ओळख होऊन आठवडा नाही झाला. अशी जोडपी मी पोत्यानं पाहिली आहेत.” बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा राग सगळा त्या चिठ्ठीवर. “इतका महत्त्वाचा कागद, रजिस्टर पोस्टानं पाठवायला काय झालं होतं?” मग राळेगणच्या काकू बोलल्या. त्या मुलाकडे शहरात राहायला आल्या आहेत, आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचतात. “मला राग येतो तिच्या आईचा. आठ दिस पोरगी जेवली न्हाई अन् हिला पत्ता न्हाई.” वकीलबाईंनी लगेच पकडलं, “काकू, अहो नाटकच मुळी आठ दिवसांचं नाही.” “मग चार दिस म्हना. तुमी ऱ्हा बरं चार दिस उपाशी.” सगळे हसले. हसणं थांबल्यावर काकू पुस्तक उघडून म्हणाल्या, “पन लिव्हलंय लई गोड. ती दोघं भांडत्यात ना, उजाडलं का न्हाई म्हनून, तितं मी दोनदा थांबले. आमचे हे डेअरीला दूध घालायला निघायचे तवा मीबी म्हनायचे, अजून अंधार हाय.” मला वाटलं, तुम्ही तिथं असायला हव्या होतात. आम्हाला ते पान शिकवताना तुम्ही पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत राहिला होतात आणि आम्ही मुली कोपरानं एकमेकींना ढोसत होतो. नवऱ्याच्या आठवणीनं काकू त्या पानावर जशा थांबल्या, तशाच तुम्ही थांबला होतात, आणि तुम्हाला तर असं कोणाला निरोप देणं माहीतही नव्हतं. चांगलं लिखाण भिडायला ते आपल्या आयुष्यात घडलेलं असावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही, काल कळलं.

मग वकीलबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या, मूळ वाचलेल्या. तुमचं काय मत?” आणि मी एकदम वर्गात आहे. उंच छत, मागच्या भिंतीला टेकलेले आमचे डबे, दुपारी छावणीच्या बाजूनं येणारा बँडच्या सरावाचा आवाज. तुम्ही केरळच्या. इंग्रजी तुमचं घोटीव, पण मराठी बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईंकडून आणि बाजारातून उचललेलं, त्यात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग कधीच आपापल्या जागी नसायची. आम्ही सगळ्या मुली तुमच्या लेखी ‘अरे’ होतो. शिकवायचं ते इंग्रजीत, पण आतलं काही सांगायचं असलं की तुम्ही मराठीत यायचात. चूक कोणाची, असं तुम्ही विचारलं होतं. वर्गानं दोन्ही बापांना झोडपलं. मागच्या बाकावरच्या दोघी नशिबाला दोष देऊन रडून मोकळ्या झाल्या. एकीनं मुलाला नावं ठेवली, कारण आदल्याच दिवशी तो दुसरीसाठी उसासे टाकत होता. तुम्ही सगळ्यांचं मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणालात, “तुम्ही सगळे एकाला विसरला रे. फादर पळाली.”

वर्ग किती हसला ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही टेबलाला टेकून हसणं संपायची वाट बघितली आणि तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणालात. “फादर पळाली. लग्न लावला, ठीक. औषध दिला, चुकला, ठीक. चिठ्ठी नाही पोचला, त्याचा दोष नाही. पण पोरगी जागा झाला, बाजूला नवरा मेला, बाहेर माणसाची आवाज आली, आणि हा बोलतो, मी थांबत नाही. त्यानं काय करायचं होतं? तिच्याजवळ बसायचं होतं. बसायला काय लागते रे?” एका ननच्या तोंडून एका धर्मगुरूबद्दल असं ऐकायची आम्हाला सवय नव्हती. मी तेव्हा फार हुशार होते. हात वर करून म्हणाले, “सिस्टर, थांबला असता तर पकडला गेला असता.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, पण तसं पुन्हा कधी बघितलं नाहीत. “मग पकडू दे,” म्हणालात.

त्याच हिवाळ्यात आईला गावाकडे एकाएकी फार बरं नाहीसं झालं आणि काका मला बोर्डिंगमधून न्यायला येणार असा निरोप आला. दुपारपासून मी पत्र्याची पेटी घेऊन गेटपाशी दगडी बाकावर बसले आहे. एसटी कुठं बंद पडली आहे, काकांचा पत्ता नाही. तुम्ही येऊन शेजारी बसता. धीर देत नाही, प्रार्थना सांगत नाही. झग्याच्या खिशातून भाजलेले शेंगदाणे काढून आमच्या दोघींच्या मध्ये बाकावर ठेवता. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होते, एक तरुण सिस्टर तुम्हाला बोलवायला धावत येते, आणि तुम्ही तिला मराठीत सांगता, बहुतेक मलाही कळावं म्हणून, “प्रभूला सांग, मी गेटवर हाय.” काका आले तेव्हा अंधार पडला होता. आई त्या दुखण्यातून उठली. पण त्या बाकावर ते कोणालाच माहीत नव्हतं, तुम्हालाही नाही, आणि तरी माझी भीती, शेजारी कोणी बसलं की सोसता येईल, एवढीच राहिली होती.

काल मी मंडळात तुमचं मत सांगितलं. तुमचं म्हणूनच सांगितलं. सगळं मला पटतं असं नाही, तसलं औषध पोरीच्या हातात देणाऱ्याला मी तुमच्याइतकी सहज माफ करणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, “छान आहे, पण अवघड आहे. त्या जागी कोणीही पळालं असतं.” काकू पुस्तक पिशवीत घालत म्हणाल्या, “कोनीबी न्हाई. ज्येला आपली भरल्याली बॅग दिसती, त्योच पळतो.” त्या आपलं बोलून गेल्या. माझ्या घरातली बॅग त्यांना काय माहीत. मला पुढची चर्चा ऐकू आली नाही.

रिक्षातून घरी येताना आणखी एक लक्षात आलं. तुमच्या त्या वाक्यावर आम्ही वर्षभर हसलो, डबा खाताना, रांगेत, झोपायच्या खोलीत. पण त्यातलं ‘पळाली’ कोणी माझ्याबद्दल म्हटलं, तर त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. घरी भाची मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “आत्या, उद्या पप्पा येतील तेव्हा तू असशील ना? त्यांचा आवाज चढला की मला बोलताच येत नाही.” मी समोर पाटावर बसले आणि तिच्या जुडीतली अर्धी माझ्याकडे ओढली. “असेन,” म्हटलं. ती इतकी पटकन “बरं” म्हणाली, की मी नसेन अशी शंका तिला आधीपासून होती हे मला कळलं.

पुण्याला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आहे. पोहे भिजवले आहेत, भावाला कांदेपोहे आवडतात. खाईल की नाही, ठाऊक नाही. मला काही बोलता येईल अशी खात्री नाही, समजावते म्हटलं होतं खरं, पण आता वाटतं, तिच्या शेजारी बसेन, तो मला बोलेल ते ऐकून घेईन, आणि उठणार नाही. मधे ठेवायला शेंगदाणे आहेत. हे पत्र पाठवायचं तरी कुठं? तुमच्या कबरीवर ठेवलं तर माळी पालापाचोळ्याबरोबर उचलून नेईल. जुन्या प्रतीत, शेवटच्या प्रवेशापाशी ठेवून देते. ते पान वाचताना अजूनही मी दर वेळी त्या फादरला, थांब रे, असं म्हणून बघते.

फाटक वाजलं. एक गोष्ट राहिली, सिस्टर. बॅग अजून रिकामी केलेली नाही. भाचीला दिसू नये म्हणून दिवाणाखाली सरकवून ठेवली आहे.