दोष कोंबड्याचा होता

मी, दगा झिपरू सोनवणे, वय ६६, मूळ शिंदखेड्याकडचा, सध्या राहणार नवागाम, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. एकतीस वर्षे कापडाच्या लूमवर काढल्याने डावा कान गेला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मला चार शब्द सुनावणारी एकच होती, माझी पत्नी कै. प्रमिलाबाई. तिचे ऐकले असते तर यातली अर्धी कलमे लिहावीच लागली नसती.

कलम १. पासबुकात जे असेल ते मुलगा योगराज याने घ्यावे. तेराव्याला गावजेवण घालू नये. सायकल शेजारी रामदास यांना द्यावी. माझी शिडी त्यांच्याकडेच आहे, तीही राहू द्यावी. सात वर्षे मागून थकलो.

कलम २. घरामागच्या जागेत आज चौदा पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या, एक कोंबडा व दोन गावठी कोंबड्या आहेत. लेगहॉर्न अंडी भरपूर घालते, पण त्यांवर बसत नाही. म्हणून गावठी कोंबडी खुडूक होऊन बसून राहू लागली की तिच्याखाली अकरा अंडी ठेवावीत. सातव्या दिवशी प्रत्येक अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरावे. आत तांबड्या शिरा दिसल्या तर ठेवावे, कोरे दिसले तर काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. कोंबडा दर दोन-तीन वर्षांनी बदलावा. हे शेवटचे वाक्य मी अधोरेखित केले आहे.

कलम ३. सन १९९४च्या उन्हाळ्यात माझ्याकडे अंड्यांच्या लागोपाठ तीन खेपा वाया गेल्या. एकही पिल्लू निघाले नाही. आमच्यात बसवलेल्या अंड्यांवर पाळीतल्या बाईची सावली पडू देत नाहीत. सून उज्ज्वला खुडूक कोंबडीला दाणापाणी करायची. कोंबडी खायला उठली नाही तर तळहातावर दाणे धरून बसायची. मी तिचे दिवस मोजू लागलो. सासऱ्याने सुनेचे दिवस मोजावेत, हे लिहितानाही लाज वाटते. प्रमिलाबाई म्हणाली, "कोंबडा म्हातारा व्हयी गया, त्याले बदला." मी तिला गप्प बसवले. तो कोंबडा माझा लाडका होता, तुरा असा की गल्लीतली माणसे बघायला येत.

तिसरी खेप वाया गेली त्या सकाळी मी नळावर, पाणी भरणाऱ्या सगळ्या बायांसमोर बोललो, "हिना हात लागना ते अंडासमाईन पिले निघत नहीत, हिले पोर कोठून व्हई?" लग्नाला चार वर्षे झाली होती, मूल नव्हते. उज्ज्वला हंडा तिथेच ठेवून घरात गेली. योगराज शेजारी उभा असून काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पेटी उचलून तो तिला सुरतेतच बमरोलीला वेगळे राहायला घेऊन गेला. पहिली गोष्ट त्याची चूक होती, दुसरी बरोबर होती.

ते गेल्यावर मी चौथी खेप बसवली. तीही वाया गेली. ती अंडी मी गुपचूप खाडीत टाकली. मग जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसाने त्यातले मागे ठेवलेले एक अंडे उजेडासमोर धरून दाखवले. आत काहीच नव्हते. नवा कोंबडा आणला आणि अकरातून नऊ पिल्ले निघाली. त्या दिवसापासून मला सगळे ठाऊक आहे आणि मी चार वर्षे तोंड उघडले नाही. दोनदा बमरोलीच्या नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

म्हणून हे घर, मागची जागा व सर्व कोंबड्या मी उज्ज्वला योगराज सोनवणे हिच्या एकटीच्या नावे करतो. तिला मूल असो वा नसो, त्याचा या हक्काशी संबंध नाही. माझ्या पश्चात हे कलम नळावर मोठ्याने वाचून दाखवावे.

ठिकाण सुरत, ता. ८ नोव्हेंबर १९९८
दगा झिपरू सोनवणे (सही)
साक्षीदार: रामदास यादव महाले (सही)

दुसऱ्या साक्षीदार इंदुबाई समोरच राहतात. चार वर्षांपूर्वी त्या सकाळी त्याही नळावर होत्या. सगळे ऐकून त्यांनी अंगठा द्यायचे नाकारले. म्हणाल्या, "मरी जावावर माफी मांगाले काय लागस, दगाभाऊ? जित्ता शेतस तवर जा."

पुरवणी. काल बमरोलीला गेलो. योगराज कामावर गेला होता. उज्ज्वलाने दार उघडले, आत या म्हणाली नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून मी कलम तीन वाचले. तिने शेवटपर्यंत ऐकले. म्हणाली, "माले सांगीसन काय उपेग, मामा? जठे बोलनात तठे सांगा." आणि दार लावले.

आज सकाळी नळावर सांगितले. बाया पाणी भरायच्या थांबल्या. इंदुबाईंनी तिथेच ओला हात पदराला पुसला आणि कागद मागितला.

उज्ज्वला घर घेईल की नाही, हे तिने सांगितलेले नाही. मी विचारलेही नाही.

ठिकाण सुरत, ता. १६ नोव्हेंबर १९९८
दगा झिपरू सोनवणे (सही)
साक्षीदार: रामदास यादव महाले (सही)
साक्षीदार: इंदुबाई भिका मोरे (डाव्या हाताचा अंगठा)