म्हातारीसाठी थांबलेलं यान

बाबा, तुमचा सिनेमा पूर्ण झाला. ही बातमी आधीच देऊन टाकते, कारण यापुढचं सगळं मी चिडून लिहिणार आहे आणि कोणी चिडून बोलायला लागलं की तुमचं लक्ष कुठं असतं ते मला ठाऊक आहे. मान हलवत राहायचात, हूं हूं करायचात आणि मनात पुढच्या शॉटची जुळवाजुळव चाललेली असायची. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली. माणसं जाताना मागे घर ठेवतात, एखादा दागिना ठेवतात, नाहीतर काहीच ठेवत नाहीत आणि तेही चालतं. तुम्ही आमच्या गळ्यात एक अर्धवट सिनेमा बांधून गेलात, आणि तोही अंतराळातला.

कूलरपासून सुरू करते, कारण तो राग अजून जसाच्या तसा आहे. नागपूरच्या मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर काढून त्याचं यान करावं, हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का? तुम्ही तेव्हा रोज कन्हानला खाणीच्या ऑफिसात जायचात. लग्नाच्या शूटिंगचा धंदा सोडणाऱ्या एका माणसाकडून तुम्ही त्याचा जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि सोबत मिळालेलं माहितीपुस्तक वाचून वाचून सगळं आपलं आपण शिकला होतात. इथवर ठीक होतं. शेजारपाजारचे लोक बारशाचं, मुंजीचं शूटिंग करून मागायचे, तर तुम्ही सरळ नाही म्हणायचात. तुम्हाला फक्त अंतराळ हवं होतं. एका रविवारी आई आणि मी दुपारी बाहेरून घरी आलो, तर खिडकीत कूलरच्या जागी नुसतं चौकोनी ऊन. आईनं हाक मारली, "अहो, कूलर कुठी आहे?" तुम्ही गच्चीवरून ओरडून सांगितलं, "त्याचं यान झालं!"

"यान झालं म्हंजे? लेकरू उकडून राहिलं इथं, अन् तुम्ही यान करून राहिले?"

पंखा काढलेला, गवताच्या जाळ्या काढलेल्या, पत्र्याला चंदेरी रंग आणि बाजूला लाल अक्षरांत 'यान क्र. ३'. एक आणि दोन कुठं गेले, हे विचारायची सोय नव्हती. पंख्याच्या गोल भोकातून आईचा चेहरा दिसायचा, कारण यानाची कप्तान तीच. पाण्याच्या टाकीत उकिडवी बसून, घामानं निथळत ती तारे पाहायची. तुम्ही म्हणायचात, घाम छान दिसतो, पुसू नको. शेवटी ती मला घेऊन माहेरी, खाप्याला निघून गेली.

पुढच्या रविवारी तुम्ही दारात उभे, खांद्याला कॅमेरा. आईचा चेहरा जरासा सैल झाला, ते मी पाहिलं. "घ्यायले आले का?" तिनं विचारलं. "घ्यायलेच आलो वं," तुम्ही म्हणालात, "पण आधी जरा नदीवर चाल." आणि मग कन्हानचं आटलेलं पात्र, पांढरी वाळू, आणि चंदेरी रंग दिलेला रेनकोट घालून, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवून माझी आई परग्रहावर चालते आहे. वाळूत टरबुजाची वाडी करणारा एक म्हातारा लांबून पाहत होता. त्याला राहवेना. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पोरी, तुह्या मायले बरं नाही का?" त्या शॉटच्या कोपऱ्यात एक टरबूज आलं आहे. मी तुम्हाला तेव्हाच दाखवलं होतं. ते परग्रहावरचं अंडं आहे, असं म्हणून तुम्ही विषय संपवलात. आजही ते तिथंच आहे, हिरव्या पट्ट्यांसकट.

गोष्ट तुम्ही स्वयंपाकघरात सांगितली होती, आई पोळ्या लाटत असताना. कप्तान फार वेगानं फार दूर जाते. तिच्या घड्याळात एकच वर्ष होतं, पण पृथ्वीवर तेवढ्यात साठ वर्षं निघून जातात. ती परत येते तेव्हा होती तशीच असते, आणि गच्चीवर तिची वाट पाहणारी तिची लहान मुलगी म्हातारी झालेली असते. हे विज्ञान आहे, मी मनचं काही सांगत नाही, असं म्हणत तुम्ही ताटाभोवती वाटी फिरवत होतात आणि वाटीतलं वरण ओट्यावर सांडत होतं. आईनं लाटणं थांबवलं. "म्हंजे पोरगी म्हातारी अन् माय जवान? अन् लेकरू सोडून कोणती माय जाते हो एवढी दूर?"

"जाते," तुम्ही म्हणालात. "तिले वाटते, लवकर येऊ."

हे वाक्य तुम्ही सिनेमात घ्यायला हवं होतं. नाही घेतलंत. त्याऐवजी कप्तानच्या तोंडी प्रकाशवेग आणि गुरुत्वाकर्षण असली जड भाषा घातलीत, आणि आईनं ती एकदाही नीट म्हटली नाही.

वाट पाहणारी मुलगी अर्थातच मी. भर दुपारी, अनवाणी, तापलेल्या गच्चीवर. तळपाय पोळतात, मी एक पाय उचलते, दुसरा टेकते आणि काकुळतीनं तुमच्याकडे पाहते. "कॅमेऱ्यात नको पाहू! आकाशात पाह्य!" मी आकाशात पाहते आणि पुन्हा माझी नजर तुमच्याकडे येते. तुम्ही वैतागता. "अवं, तिकडे काहून पाहते? कॅमेऱ्यामागं कोणी नाही असं समज. कोणीच नाही तिथं." पण तिथं तुम्ही होतात ना, बाबा. बाप समोर उभा असताना तो नाहीच असं आठ वर्षांच्या मुलीनं कसं समजायचं? मी रडायला लागले तेव्हा तुम्ही खूश झालात, म्हणालात, "हां, असंच, असंच राहू दे." संध्याकाळी आई माझ्या तळव्यांना तूप लावत होती, तेव्हा तुम्ही दाराशी येऊन उभे राहिलात. त्या दिवसाचा राग मी अजून धरून आहे आणि इतक्यात सोडायचा विचारही नाही.

मग सगळं अडलं ते शेवटच्या सीनपाशी. त्यासाठी म्हातारी हवी होती, आणि अख्ख्या मनीषनगरात तुम्हाला म्हातारी मिळेना. तेव्हा इथं मोकळे प्लॉट जास्त आणि घरं कमी, पण होती त्या घरांत आज्या होत्या की. प्रत्येकीनं तुम्हाला चहा पाजला आणि दुसरीकडे बोट दाखवलं. शेजारच्या काकूंनी तर चहाही दिला नाही. "मी म्हातारी दिसून राहिली का तुमाले?" असं विचारून त्यांनी तुमच्या तोंडावर फाटक लावलं. मग तुम्ही माझ्या केसांत पावडर ओतून पाहिलीत. मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होते. तेव्हा कुठं तुम्ही कॅमेरा पिशवीत घातला आणि म्हणालात, "थांबू. घाई नाही." घाई नाही! कूलर खिडकीत परत आला, त्यावरचं 'यान क्र. ३' तसंच राहिलं, पाहुणे विचारायचे आणि आई विषय बदलायची. तुम्ही दरवर्षी थांबू म्हणालात, दरवर्षी एखादा जुनाच शॉट सुधारत बसलात, आणि मी कॉलेजात असताना एका सकाळी ऑफिसला निघताना, चपला घालता घालता गेलात. कॅसेटी दिवाणात गेल्या. पुढे घरात एसी आला, कूलर गच्चीवर गेला. भंगारवाल्याला तो द्यायला मात्र आई कधी तयार झाली नाही, आणि मीही फार जोर केला नाही.

यंदा आईच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईला आता समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं गेलं. मला वाटलं, ती म्हणेल, कुठं देवदर्शनाला घेऊन चल, बहिणीकडे जाऊन येऊ. घरी येताना ऑटोत ती म्हणाली, "मले तुह्या बाबाच्या पिच्चरचा शेवट पाह्यचा आहे."

"शेवट काढलाच नाही ना त्यांनी, आई."

"मंग तू काढ. मले दिसते तोवर काढ."

मी कपाळावर हात मारला. कॅसेटींना बुरशी लागलेली. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदारानं पुसून पुसून जेवढं निघेल तेवढं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. पाहते तर पडद्यावर आई माझ्या आजच्या वयाची, आणि शेवटच्या सीनलाही तशीच तरुण हवी. समोर बसलेली आई सत्तरीची. मी किती दिवस डोकं फोडून घेतलं ते मलाच माहीत. मोबाइलवर चेहरा तरुण करता येतो का, कोणी नाटकातली बाई मिळते का, आई नुसती पाठमोरी चालली तर भागेल का. शेवटी वैतागून तिच्यासमोरच म्हणाले की बाबांच्या त्या विज्ञानानंच सगळी वाट लावली. साधी गोष्ट केली असती तर कप्तान म्हातारी होऊन उतरली असती आणि आपण सुटलो असतो. आई मेथी निवडत होती, बोटांनी चाचपून. मान वर न करता म्हणाली, "त्याईले म्हातारी पाह्यजे होती ना? मंग मी झाली ना आता म्हातारी. अन् तू एकदा आरशात पाह्य."

मी आरशात पाहिलं. हनुवटी तीच, कपाळ तेच, वैतागल्यावर भुवई वर जाते तीही तशीच. दिवाणातून रेनकोट काढला, डांबरगोळ्यांच्या वासाचा. बटणं बरोबर लागली. बाबा, इतकं सोपं होतं हे. कप्तान मी आणि वाट पाहून म्हातारी झालेली मुलगी आई, बस्स. आम्ही फक्त जागा बदलायच्या होत्या. तुम्हाला हे ठाऊक होतं का? 'थांबू, घाई नाही' याचा अर्थ हाच होता का? आई म्हणते, हो, त्यांच्या मनात तेच होतं. मी म्हणते, मुळीच नाही. तुम्ही टाळाटाळ केलीत आणि उलटलेल्या वर्षांनी तुमचं काम फुकटात करून टाकलं. याचं श्रेय मी तुम्हाला देणार नाही, तिनं कितीही सांगितलं तरी.

गेल्या रविवारी सकाळी गच्चीवर शूटिंग केलं. तुमच्या सिनेमात जे भविष्यातलं साल होतं ते केव्हाच येऊन गेलं. उडत्या गाड्या काही आल्या नाहीत, इमारती तेवढ्या आल्या. आपल्या गच्चीवरून आता आकाश तुकड्यातुकड्यानं दिसतं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई बादली तशीच सोडून आमच्याकडे पाहत राहिली. आईला मी त्याच कोपऱ्यात उभं केलं जिथं तुम्ही मला केलं होतं, पण चपला घालून. तुमच्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा मोडका पाय सुतळीनं बांधला, त्यावर मोबाइल लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि धावत जाऊन कूलरमध्ये शिरले. जाळीच्या बाजूनं बाहेर पडताना गुडघे कुरकुरले, बाही गंजक्या पत्र्याला अडकली, आणि मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले ते इथं लिहीत नाही.

तुम्ही लिहून ठेवलेले संवाद मी आईकडून पाठ करून घेतले होते. तिनं ते म्हटले नाहीत, कधीच म्हणत नसे. ती माझ्याकडे सरळ पाहत राहिली, आता तिला सरळच पाहता येतं. पुढे येऊन माझ्या गालाला हात लावला आणि बारीक आवाजात म्हणाली, "आई, किती उशीर केला वं."

मला माझं वाक्य आठवेना. प्रकाशवेगाचं काहीतरी होतं. तोंडून निघालं, "मले वाटलं, लवकर येईन."

मग आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. रेनकोटात मला घाम फुटला होता, आईचा हात माझ्या गालावरच होता, आणि दोघी कोणीतरी कट म्हणेल म्हणून थांबलो होतो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की म्हणणारं कोणी नाही.

आज दुपारी तिला सगळा सिनेमा टीव्हीवर दाखवला. खुर्ची अगदी टीव्हीजवळ ओढून, मान वळवून वळवून तिनं पडद्याचा एकेक कोपरा पाहिला. टरबूज आल्यावर इतकी हसली की मला सिनेमा थांबवावा लागला. शेवट झाला तेव्हा तिनं खुर्ची मागे सरकवली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "सगळं बरोबर जमलं. पण शेवटी तू त्या मोबाइलकडे काहून पाह्यलं? तुहे बाबा चिडले असते."

"चुकून झालं," मी म्हटलं. "पुन्हा घ्यायचं का?"

"राहू दे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्न नाही, म्हणून तिला सांगितलं नाही ते इथं लिहिते. चुकून नव्हतं, बाबा. तिथं कोणीच नाही असं समजायला मला अजूनही जमत नाही.